शारदाक्काच्या बाहुल्या आणि आमचा टॉमकॅट

ये गं, इकडे ये. अशी उभ्या उभ्या पानं चाळत नको वाचूस, जवळ येऊन बस. आणि तो लॅपटॉप आधी मिट. आपल्या बंगळूरच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक हातात पडला की तुम्ही लोक आधी जाहिराती बघता, मग राशिभविष्य, मग आपला नाहीतर ओळखीच्यांचा फोटो कुठे आलाय का ते, आणि सगळ्यात शेवटी आमच्यासारख्या म्हाताऱ्यांचं लिखाण. असू दे. पण मला एक सांग, राजाजीनगर काय चंद्रावर आहे? व्हाइटफील्डहून मेट्रोत बसायचं, मॅजेस्टिकला गाडी बदलायची, की आलंच माझं घर. तरी दर वेळी आपलं तेच, "अक्का, यायचं होतं हो, पण ट्रॅफिक!" मेट्रोत कसला गं आलाय ट्रॅफिक?

तर संपादक म्हणाले, "अक्का, यंदा तुमच्या नोकरीबद्दल लिहा." मी म्हटलं, बाबा रे, माझी नोकरी काय होती हे आमच्या घरीसुद्धा कोणाला नीट सांगता येणार नाही. आमचे हे शेवटपर्यंत शेजाऱ्यांना सांगायचे, "ती कॉम्प्युटर दुरुस्त करते." मी एकही कॉम्प्युटर आयुष्यात दुरुस्त केला नाही. स्क्रू काढता येतो, परत बसवताना एक उरतो.

मी निपाणीची. घरात मराठी, दारात कन्नड, आणि टायपिंगच्या क्लासात इंग्रजी. लग्न होऊन इथे आले, क्लासात शिकवायला लागले. मग टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, आणि मी जागची हलले नाही म्हणून कॉम्प्युटर माझ्या पुढ्यात येऊन बसले. कॉलेजात जाऊन काही शिकले नाही. जे शिकले ते मोडून शिकले. एखादी गोष्ट तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी बिघडवून पाहिली की ती नीट कशी चालते हे आपोआप समजतं, असा माझा अनुभव आहे. पुढे जे. पी. नगरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. तिथे माझं काम एकच. नवीन मुलगा किंवा मुलगी आली की तिच्या मशीनवर जावाचं, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या भाषेचं, सगळं बिऱ्हाड लावून द्यायचं, आणि तिनं लिहिलेलं पान ब्राउझरमध्ये दिसेपर्यंत तिच्या शेजारून उठायचं नाही. सगळे मला सेटअप-अक्का म्हणायचे. मी पण ओ द्यायचे.

आता ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. दर्शिनीत, म्हणजे इथल्या उभ्यानं खायच्या हॉटेलात, जाता ना इडली खायला? आत भटारखाना असतो, बाहेर काउंटर. तुम्ही कूपन देता, काउंटरवरचा माणूस आत ओरडतो, आतून प्लेट येते, तो तुमच्यापुढे सरकवतो. जावात लिहिलेला प्रोग्राम म्हणजे आतला आचारी. ब्राउझर म्हणजे कूपन धरून उभे असलेले तुम्ही. आणि वेब सर्व्हर म्हणजे तो काउंटरवरचा माणूस. तो नसेल तर आचारी कितीही हुशार असो, तुम्ही उपाशीच. आमच्याकडे या काउंटरवाल्याचं नाव टॉमकॅट. म्हणजे बोका. एवढ्या मोठ्या मोठ्या माणसांनी बसून हे नाव ठेवलं, आणि लोक नावं ठेवतात ते आपल्या बारशाला!

मुलं प्रोग्राम लिहितात ते एक्लिप्समध्ये. त्याला लिहायची वही म्हणा, ओटा म्हणा, काहीही म्हणा. त्या एक्लिप्सला सांगावं लागतं की बाबा, बोका अमुक फोल्डरात राहतो, तमुक जावावर चालतो आणि या या नंबरच्या दाराशी बसतो. या दाराला पोर्ट म्हणतात. हे तिन्ही जुळलं की पान दिसतं. एक जरी चुकलं तरी लाल अक्षरांची अशी काही ओळीवर ओळ येते की नवीन मुलीला वाटतं, आपण काहीतरी जाळलं.

किती तऱ्हा पाहिल्या सांगू! एक पुण्याचा मुलगा होता. खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबायचा आणि समजायचा, सर्व्हर बंद झाला. दुसऱ्यांदा चालू करायला गेला की मशीन सांगायचं, त्या दारात आधीच कोणीतरी बसलंय. मी म्हटलं, "अरे, दिवाणखान्याचं दार ओढून घेतलंस म्हणून पाहुणा गेला का? तो आत बसलाय, चहाची वाट बघत." पण हा हुशार. आतल्याला उठवण्याऐवजी दर वेळी नवीन दाराचा नंबर द्यायचा. शेवटी त्याच्या मशीनवर बोक्यांची अख्खी चाळ झाली आणि मशीन धापा टाकायला लागलं, तेव्हा मला हाक मारली.

दुसरा त्याच्याही वरचा. त्यानं गिऱ्हाइकाला पान बघायला पत्ता पाठवला, तो 'लोकलहोस्ट'चा. म्हणजे 'हेच मशीन'. गिऱ्हाईक आपल्या घरी बसून तो पत्ता उघडतंय, काही दिसत नाहीये, आणि हा फोनवर छातीठोकपणे सांगतोय, "सर, माझ्याकडे तर दिसतंय!" मी फोन ठेवायला लावला. म्हटलं, "तू कुणाला जेवायला बोलावलंस आणि पत्ता विचारल्यावर 'इथेच' म्हणालास, तर तो माणूस कुठे जाईल?" म्हणाला, "अक्का, पण मी इथेच आहे ना."

हसू नकोस. तूही पहिल्या आठवड्यात हेच केलं असशील.

पण मला आज सांगायचंय ते शारदाक्काचं.

शारदाक्का आमच्या ऑफिसात आली ती स्वतः, एकटी, हातात पर्स आणि पर्समध्ये पाण्याची बाटली. कन्नड बाई, पण माहेर धारवाडकडचं, म्हणून मराठी यायचं. जरा हेल काढून, पण छान. तुला माहीत असेलच, इथे नवरात्रात घरोघर पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात, गोंबे हब्बा म्हणतात, म्हणजे बाहुल्यांचा सण. लाकडाचे राजा-राणी, दुकान मांडून बसलेले शेट्टी आणि शेट्टम्मा, लग्नाची वरात, देव, प्राणी, सगळं. शारदाक्काकडे आईच्या बाहुल्या होत्या, सासूच्या होत्या, स्वतः हौसेनं घेतलेल्या होत्या. यजमान गेले, मोठं घर विकलं, जे. पी. नगरातच लहानशा फ्लॅटमध्ये आली. बाहुल्यांना जागा नाही. परदेशातला मुलगा म्हणाला, म्युझियमला देऊन टाक. तर ही म्हणाली, "बाहुलीला म्युझियम कशाला? तिला घर पाहिजे." आणि ओळखीच्या घरांत वाटून टाकायचं ठरवलं. मात्र वाटण्याआधी एक वेबसाइट हवी होती. सगळ्या बाहुल्या एकत्र, आपापल्या पायरीवर, शेजारी प्रत्येकीची गोष्ट. "घरं वेगळी झाली तरी एका जागी दिसल्या पाहिजेत," असं म्हणाली.

ज्या मुलानं ते काम सुरू केलं तो दुसरी नोकरी धरून गेला, आणि ते आलं ऋचाकडे. ऋचा नागपूरची, नवीन लागलेली. बोलायला लागली की थांबायची नाही, आणि एखादं काम सांगितलं की सांगितल्यापेक्षा चार पावलं पुढे जाऊन करायची. या दुसऱ्या गुणाची मला जरा भीतीच वाटायची.

साइट अजून कच्ची होती. एक्लिप्समधल्या त्या टॉमकॅटवरच चालायची, ऋचाच्या टेबलाखालच्या मशीनवर. बाहेरून दिसायची तेवढी सोय करून आमच्या टीम लीडनं, अमितनं, शारदाक्काला पत्ता दिला होता आणि सांगितलं होतं, "आंटी, जरा ट्राय करून बघा."

शारदाक्कानं ट्राय केलं. म्हणजे कसं? निळी चादर भिंतीला लावून एकेका बाहुलीचा फोटो काढला. एकेक साइटवर चढवला. प्रत्येकीची गोष्ट एका बोटानं टाइप केली. फोन म्हणाला, जागा भरली. तिनं फोनमधले फोटो पुसून टाकले. "साइटवर आहेत की!" मग एकेक करून बाहुल्या नव्या घरी पोचवल्या. आणि रोज सकाळी कॉफी झाली की साइट उघडून त्या बघत बसायची. आमच्या ऑफिसात कोणाला याचा पत्ताच नाही. आम्हाला वाटतंय, चाचणी चालली आहे. तिच्या दृष्टीनं घर मांडून झालं होतं.

आता इथे एक बारीक गोष्ट आहे, ती समजून घे. एक्लिप्स मूळ टॉमकॅटला हात लावत नाही. ते आपल्यापुरती त्याची एक नक्कल करतं आणि आपल्याच पोटात, लपवलेल्या फोल्डरात ठेवतं. प्रोग्राम चालतो तो त्या नकलेत. आणि आधीच्या मुलानं, तात्पुरतंच आहे म्हणून, चढवलेले फोटो सर्व्हरच्याच फोल्डरात ठेवायची सोय केलेली. म्हणजे शारदाक्काच्या सगळ्या बाहुल्या बसल्या होत्या कुठे? काउंटरवाल्याच्या शर्टाच्या खिशात. शर्ट बदलला की संपलं.

आणि आली आयुधपूजा.

पुण्या-नागपूरकडे दसऱ्याला शस्त्रं पुजतात, पण बंगळुरात या दिवसाचं जे होतं ते वेगळंच. रिक्षा, बस, लेथ मशीन, इस्त्री, सगळं धुऊनपुसून हळद-कुंकू लावून बसतं. आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरला झेंडूची माळ, कीबोर्डवर अक्षता, दारात कोहळा फोडायचा आणि सगळ्यांना चुरमुरे. आदल्या दिवशी सफाई. ऋचाचं हे पहिलंच वर्ष. तिनं कान कोरायच्या कापसानं कीबोर्डचं एकेक बटण पुसलं. मग तिला वाटलं, नुसतं बाहेरून काय, हत्यार आतूनही लख्ख पाहिजे. एक्लिप्स उघडलं, जुनी प्रोजेक्टं काढली, आधीच्या मुलानं कसाबसा लावलेला सर्व्हर काढून टाकला, आणि मी शिकवलं होतं तसा अगदी नीट, पहिल्यापासून नवीन लावला. मला हाक मारली.

"अक्का, बघा नं! एकदम नवीन करून टाकलं. पूजेला कसं, मन प्रसन्न वाटलं पाहिजे नं."

मी पाहिलं. सुंदर लावला होता. मी तिची पाठ थोपटली आणि पेढा दिला.

पेढा तिच्या तोंडातच होता तेव्हा फोन आला. शारदाक्का. "ऋचा अम्मा, नावं दिसतात, गोष्टी दिसतात, बाहुल्या कुठे गेल्या?"

गोष्टी होत्या, कारण लिहिलेला मजकूर डेटाबेसमध्ये, वेगळ्या जागी होता. फोटो गेले होते. जिथे बाहुली असायची तिथे फाटक्या कागदाचं ते चिमुकलं चित्र. ऋचा म्हणाली, "अक्का, बघून सांगते," आणि फोन ठेवून माझ्याकडे बघायला लागली. आम्ही तो लपलेला फोल्डर उघडला, पुसलेलं परत आणायची हत्यारं चालवून पाहिली. तिनं त्याच जागेवर एवढं नवीन भरलं होतं की खालचं काही उरलं नव्हतं. ऋचा रिकाम्या फोल्डरावर माऊस फिरवत राहिली. मग म्हणाली, "त्यांनी फोनमधलेही काढून टाकले असतील, अक्का?" नंतर कळलं, तसंच होतं.

अमित आला. मुलगा चांगला आहे हो, पण टीम लीड. म्हणाला, "अक्का, पॅनिक नको. सध्या 'मेंटेनन्स चालू आहे' असा बोर्ड लावूया. सण आहे, कोण बघणारे?"

मी म्हटलं, "ती बघणार आहे. उद्या सकाळी, कॉफी झाल्यावर."

"मग आपण काहीतरी..."

"मग आपण खरं सांगूया. अमित, तुझ्या आईनं लोणच्याची बरणी तुझ्याकडे ठेवायला दिली आणि ती फुटली, तर तू बरणीवर मेंटेनन्सचा बोर्ड लावशील का रे?"

फोन ऋचानंच केला. मी करते म्हटलं तर म्हणाली, "नाही, मीच काढलं नं, मीच सांगते." झालं ते सगळं तिनं सांगितलं. ऋचानं फोन कानाला इतका घट्ट धरला होता की कान लाल झाला. मग शारदाक्का म्हणाली, "जेवलीस का?" ही म्हणाली, नाही. "जेव आधी. मग ऐक. बाहुल्या कोणाकोणाकडे आहेत ते मला तोंडपाठ आहे. नवरात्र आहे, सगळ्यांनी मांडल्या असतील. दशमीला रात्री एक बाहुली आडवी झोपवतात, दुसऱ्या दिवशी सगळ्या कापडात गुंडाळून पेटीत. मग वर्षभर कोणी पेटी उघडत नाही. पाहिजे तर आत्ताच काय ते." आणि जरा थांबून म्हणाली, "मी येणार नाही. दिलेली वस्तू परत बघायला गेलं तर लोकांना वाटतं, ही तपासायला आली."

झालं. नवमीला ऑफिसची पूजा झाली, कोहळा फुटला, ऋचाच्या मशीनला माळ घालून बंद केलं. दशमीपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा आमच्या मालकांचा नियम. तसंही आमचं काम आता त्या मशीनवर नव्हतंच. मी आणि ऋचा रिक्षात. रिक्षाच्या चाकाखाली लिंबू ठेवलेलं, हँडलला माळ. रिक्षावाला अण्णा म्हणाला, "हब्बा आहे अक्का, मीटरवर स्वल्प जास्त द्या." मी म्हटलं, "रिक्षाची पूजा केलीस, मीटरची केली नाहीस वाटतं?" हसला, पण घेतले जास्तच.

पहिलं घर राजाजीनगरात, माझ्याच मागच्या रस्त्यावर. तिथे शेट्टी-शेट्टम्मा दुकान मांडून बसले होते, पुढ्यात खऱ्या डाळी, खरे तांदूळ, आणि घरातल्या कोणीतरी शेट्टीच्या गल्ल्याशेजारी यूपीआयचा कागद चिकटवलेला. ऋचा फोन काढून सरळ फोटो घ्यायला गेली तर घरची बाई म्हणाली, "बसा आधी. कुंकू घ्या, उसळ घ्या, आणि एक गाणं म्हणा."

ऋचानं माझ्याकडे पाहिलं. "गाणं?"

"इथली रीत आहे," मी म्हटलं. "बाहुल्या बघायला आलं की गायचं."

"अक्का, मी कधी अंघोळ करतानासुद्धा गात नाही हो!"

"मग आज देवाला कळेल, तू का गात नाहीस ते."

बिचारीनं शाळेची प्रार्थना म्हटली. मधलं एक कडवं विसरली, तिथे हात जोडून उभी राहिली. त्या घरात सगळ्यांनी मान डोलावली. पुढच्या घरात तिनं पुन्हा तीच प्रार्थना म्हटली. त्याच्या पुढच्या घरात मात्र पहिल्याच घरातली एक मावशी पाहुणी म्हणून येऊन बसलेली, ती म्हणाली, "हे झालंय, दुसरं." ऋचा घामाघूम. डोळे मिटले आणि सतराचा पाढा चालीवर म्हणायला लागली. मी पदर तोंडाला लावून बसले. पण शपथेवर सांगते, त्या कन्नड बायकांना ते इतकं आवडलं! एकीनं विचारलं, "हे तुमच्याकडचं भक्तिगीत का?" मी म्हटलं, "हो, परीक्षेच्या आधी म्हणतात."

घराघरातून उसळ, कोसंबरी, ब्लाउजपीस, विडा. आमच्या पिशव्या फुगल्या. ऋचा एकेका बाहुलीसमोर गुडघ्यावर बसून फोटो घ्यायची, आणि घेतला की तिथल्या तिथे तीन ठिकाणी पाठवून ठेवायची. हे मला बघून बरं वाटलं.

एका घराला कुलूप होतं. सगळे म्हैसूरला दसरा बघायला गेलेले. गणपतीची एक जोडी तिथे अडकली. आणि दशमीला सकाळी शेवटचं घर उरलं, व्हाइटफील्डचं.

तिथे मेघा नावाची मुलगी. पुण्याची, आयटीतली, पूर्वी शारदाक्काच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची. शारदाक्कानं तिला दिली होती ती ताक घुसळणारी गवळण आणि तिच्याबरोबरची गाय. शारदाक्काच्या आईची, सगळ्यात जुनी. आम्ही गेलो तर घरात पायऱ्या नाहीत, बाहुल्या नाहीत. मेघाच्या गळ्यात हेडफोन. चेहरा बघूनच कळलं.

"अक्का, यंदा वेळच नाही मिळाला. नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, ऑन-कॉल आहे, केव्हाही फोन येतो... पुढच्या वर्षी नक्की मांडणार होते. पेटी माळ्यावर आहे, अगदी सेफ आहे."

"सेफ तर असणारच," मी म्हटलं. "माळ्यावर कोण त्रास देतंय तिला?"

ती रडवेली झाली. मग मलाच वाईट वाटलं. या मुली काय करतील गं! दिवसभर कोणाचा ना कोणाचा सर्व्हर पडलेला असतो आणि तो यांनाच उचलायचा असतो. मी म्हटलं, "चल, आत्ता काढू. आज दशमी आहे, संध्याकाळपर्यंत वेळ आहे."

मेघानं शिडी आणली, ऋचा वर चढली, मी खालून सूचना दिल्या. पेटीला शारदाक्काच्या हातची गाठ तशीच होती. जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात गवळण गुंडाळलेली. रंग थोडा उडालेला, पण रवीची दोरी जागच्या जागी. आता मांडायचं कशावर? घरात टेबल एकच, त्यावर लॅपटॉप आणि रिलीज. ऋचानं इकडेतिकडे पाहिलं आणि दाराजवळचा चपलांचा स्टँड ओढून आणला. चपला बाहेर, स्टँड पुसला, वर मेघाची लाल ओढणी. गवळण बसवली, गाय बसवली, मेघानं स्वयंपाकघरातून वाटीभर ताक आणून पुढे ठेवलं. आणि मग कोणी सांगितलं नसताना ती हेडफोन काढून जमिनीवर बसली आणि लहानपणीचं काहीतरी गुणगुणायला लागली. ऋचानं तेव्हाच फोटो काढला.

दुपारी ऑफिसात पोचलो. ऋचानं मशीनची माळ उतरवली, नमस्कार केला, चालू केलं. सर्व्हर पुन्हा लावला, आणि या वेळी फोटोंचा फोल्डर सर्व्हरच्या बाहेर, एक्लिप्सच्याही बाहेर, वेगळ्या जागी, आणि त्याची आणखी एक प्रत दुसऱ्या मशीनवर. बोका राहो नाहीतर जावो, बाहुल्यांना धक्का नाही. फोटो एकेक करून आपापल्या गोष्टीशेजारी बसले. म्हैसूरला गेलेल्यांच्या घरच्या गणपतींची जागा तेवढी रिकामी राहिली.

शारदाक्काला अमितनंच जाऊन आणलं. तिला ऋचाच्या खुर्चीत बसवलं. ऋचा बाजूला उभी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

शारदाक्कानं चष्मा बदलला. पहिली बाहुली पाहिली, दुसरी पाहिली. तिनं काढलेल्या फोटोंत बाहुल्या निळ्या चादरीपुढे एकेकट्या उभ्या होत्या, ओळखपत्राला बसल्यासारख्या. इथे त्या दुसऱ्यांच्या घरांत होत्या. राणीच्या मागे कोणाचा तरी प्लास्टिकचा डायनासोर. वरातीत एक मेट्रोचा डबा घुसलेला.

"राणीला हिरवी कोणी नेसवली?"

"त्या घरच्या आजींनी," ऋचा म्हणाली. "जुनी फाटली होती म्हणे."

"माझ्याकडे दहा वर्षं फाटकीच नेसली." मग शेट्टीपाशी आली. "हा कागद कसला?"

"यूपीआय. शेट्टी आता कॅश घेत नाही."

शारदाक्का खळखळून हसली. ऋचानं ओढणी सोडली. पुढे, पुढे, आणि शेवटी गवळण. तिथे तिनं तोंड स्क्रीनच्या अगदी जवळ नेलं.

"हा चपलांचा स्टँड आहे."

अमित कॉफी आणतो म्हणून निघून गेला.

"होय, अक्का," ऋचा म्हणाली.

"पण वरच्या खणात बसवली ना?"

"सगळ्यात वरच्या."

"सरी, ठीक आहे मग." तिनं स्क्रीनवर गवळणीच्या पायाशी बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. "मला वाटलं होतं, निम्म्या घरांत पेट्या उघडल्याच नसतील. म्हणून मी जात नव्हते. जाऊन काय बघायचं?" मग चष्मा काढून पुसला. "मेघाचा स्टँड किती मोठा आहे? अजून दोन बाहुल्या बसतील का?"

निवृत्त होऊन मला आता बरेच दिवस झाले. हल्ली तर म्हणे प्रोग्रामच्या पोटातच सर्व्हर येतो, एक बटण दाबलं की पान हजर. बोका कुठे राहतो हे कोणी कोणाला सांगत नाही, आणि नवीन मुलीच्या शेजारी कोणी बसत नाही. चांगलंच आहे. काम लवकर होतं. मला आपलं ते शेजारी बसणंच जास्त आवडायचं, तेवढीच हळहळ. ऋचा आता स्वतः टीम लीड झाली आहे, आणि तिच्या हाताखालची मुलं मला फोन करून विचारतात, "अक्का, मॅडम सफाईला एवढं का घाबरतात?" मी सांगत नाही. तुम्हीही सांगू नका.

आणि शारदाक्का? गेल्या नवरात्रात तिला घेऊन आम्ही सगळ्या घरांत जाऊन आलो. म्हैसूरला जाणाऱ्यांच्या घरी ते निघायच्या आधीच गेलो. बाहुल्या तिच्याकडे एकही नाही, पण त्या मांडायच्या लाकडी पायऱ्या मात्र अजून तिच्याच फ्लॅटमध्ये आहेत. मोठ्या होत्या, कोणाच्याच घरात मावल्या नाहीत. हॉलमध्ये भिंतीला लावून ठेवल्यात आणि त्यावर आता माणसं बसतात. रविवारी दुपारी मी जाते, ऋचा येते, मेघा सुट्टी असली तर येते, कॉफी होते, भांडणं होतात. सगळ्यात वरची पायरी माझी, माझ्या गुडघ्यांना खाली बसणं जमत नाही. तिच्याखालच्या दोन अजून रिकाम्या आहेत. शारदाक्कानं मला बजावून सांगितलंय, अंकात लिहिते आहेस तर तेवढं लिही म्हणून. तेव्हा ये गं. या रविवारी नाही जमलं तर पुढच्या रविवारी, पण लवकर ये.